ताप उतरला, पण आजार कुठे गेला?

पावसाळा सरत आला की साथीच्या वर्षी आमच्या मोहन्यात एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. सकाळी उठल्यावर मूठ वळते का? आंबिवली स्टेशनबाहेर एक रिक्षावाला दुसऱ्याला विचारतो, कारण क्लच दाबताना मनगटात कळ येते. भाजी निवडत बसलेल्या बायका एकमेकींना विचारतात. मशिदीत मागच्या भिंतीलगत खुर्च्यांची रांग असते, ती अशा वर्षी लांबते. त्या खुर्च्यांवर म्हातारी माणसे असतातच, पण पस्तिशी-चाळिशीचे लोकही दिसतात, कारण गुडघा आणि घोटा सजद्यासाठी वाकत नाही. काय झाले म्हणून विचारले की उत्तर ठरलेले: "दोन महिन्यांपूर्वी चिकुनगुनिया झाला होता. ताप तर तीन दिवसांत गेला."

"ताप तर गेला" या तीन शब्दांवर माझा आक्षेप आहे. ते म्हणणाऱ्या माणसावर नाही, ते ऐकून वही बंद करणाऱ्या व्यवस्थेवर आहे. मी सॉफ्टवेअरच्या धंद्यातला माणूस. आमच्याकडे ग्राहकाची तक्रार आली की तिकीट उघडते, आणि मूळ बिघाड सापडण्याआधीच कुणी ते "क्लोज" केले तर दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये जाब द्यावा लागतो. आपल्या सार्वजनिक आरोग्याच्या खात्यात मात्र चिकुनगुनियाचे तिकीट ताप ९८.६ वर आला की बंद होते. पुढचे सहा महिने, कधी दोन वर्षे, तो माणूस कसा जगतो हे लिहून ठेवायला रकानाच नाही.

आधी शरीरात काय होते ते समजून घेऊ. मी डॉक्टर नाही, पण हे समजायला डॉक्टर असावे लागत नाही.

एडिस डास दिवसा चावतो. त्याच्याबरोबर आलेला विषाणू रक्तातून स्नायूंत आणि सांध्यांच्या आतल्या अस्तरात शिरतो. पेशी धोक्याची घंटा वाजवतात, म्हणजे काही रासायनिक संदेश सोडतात. त्यांना सायटोकाइन म्हणतात. त्या हाकेला ओ देऊन पांढऱ्या पेशी सांध्यात गर्दी करतात, रक्तवाहिन्या सैल होतात, द्रव झिरपतो. सूज, उष्णता, लाली, दुखणे हे सगळे या धावपळीचे परिणाम. यालाच दाह म्हणायचे. दाह हा शत्रू नव्हे. तो नसता तर पहिल्याच साध्या तापात आपण गेलो असतो. साधारण आठवडाभरात रक्तातला विषाणू संपतो, प्रतिपिंडे तयार होतात, ताप उतरतो. बहुतेकांची गोष्ट इथे किंवा पुढच्या काही आठवड्यांत संपते.

काहींची संपत नाही. घंटा वाजतच राहते. बोटांची पेरे, मनगटे, घोटे सकाळी लाकडासारखे होतात, तासाभराने जरा मोकळे होतात, थंडी पडली की पुन्हा आखडतात. सांधे सुजलेले दिसतात, पण संधिवाताच्या नेहमीच्या रक्ततपासण्या बहुधा निगेटिव्ह येतात. मग घरातले म्हणतात, रिपोर्ट तर नॉर्मल आहे.

घंटा का वाजत राहते, यावर शास्त्रज्ञांत आजही एकमत नाही. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर २००५-०६ मध्ये या साथीने लोकसंख्येच्या सुमारे एक तृतीयांश लोकांना गाठले होते. तिथल्या एका रुग्णाच्या सांध्याच्या अस्तरात दीड वर्षानंतरही विषाणूचे अवशेष सापडले. त्यावरून असे मत पडले की पाहुणा गेला तरी त्याचे सामान घरात राहते आणि पहारेकरी त्या सामानावरच तुटून पडतात. पुढे कोलंबियातल्या रुग्णांच्या सांध्यातले पाणी संसर्गानंतर सरासरी बावीस महिन्यांनी तपासले, तेव्हा विषाणूचा मागमूस नव्हता. सांधे मात्र दुखतच होते. तेव्हा दुसरे मत असे की पहारेकऱ्यांनाच आता घरातली माणसे ओळखू येईनाशी झाली आहेत. दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या रुग्णांत खऱ्या असू शकतात. रिक्षावाल्याला याने फरक पडत नाही असे कुणी म्हणेल, पण पडतो. विषाणू उरला असेल तर औषध एक, प्रतिकारशक्तीच भरकटली असेल तर औषध दुसरे.

हा आजार आपल्याला नवा नाही, हेही सांगायला हवे. १९५२-५३ मध्ये आजच्या टांझानियात तो पहिल्यांदा ओळखला गेला. चिकुनगुनिया हे नाव तिथल्या माकोंडे भाषेतले, अर्थ साधारण "वाकवून टाकणारा". भारतात १९६३ मध्ये कोलकात्यात साथ आली. १९७३ मध्ये आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत आली, आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या लोकांनी तिचा अभ्यास केला. मग तीस वर्षांहून अधिक काळ शांतता. इतकी की डॉक्टरांच्या एका पिढीने हा आजार पुस्तकातच वाचला.

२००६ च्या सुरुवातीला तो परत आला, आणि महाराष्ट्रात ज्या गावांनी पहिला तडाखा खाल्ला त्यांत मालेगाव होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये एकट्या मालेगावात दोन हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले. मालेगाव म्हणजे यंत्रमाग. बारा तास उभे राहून तुटलेला धागा बोटांच्या टोकांनी जोडायचा, कांडी बदलायची, मजुरी कापडाच्या मीटरवर. ज्या आजाराने नेमकी बोटे आणि घोटे पकडले, तो नेमका बोटांवर आणि घोट्यांवर जगणाऱ्या शहरात पोचला. नोंद झाली ती तापाची. किती कारागिरांनी किती महिने किती मीटर कमी कापड काढले, घरात किती कर्ज वाढले, हे कुणी मोजल्याचे माझ्या वाचनात नाही.

त्या वर्षी देशभरात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण नोंदले गेले. आणि मृत्यू? सरकारी कागदावर शून्य. हा आकडा अनेक वर्षे मोठ्या समाधानाने सांगितला गेला. अहमदाबादच्या संशोधकांनी मात्र साधे काम केले. महापालिकेची मृत्यूनोंदणी काढली, आधीच्या वर्षांच्या सरासरीशी ताडून पाहिली. २००६ च्या ऑगस्ट ते नोव्हेंबर या चार महिन्यांत, म्हणजे साथीच्या काळात, शहरात अपेक्षेपेक्षा २,९४४ मृत्यू जास्त झाले होते. ते सगळेच चिकुनगुनियाचे असे छातीठोक म्हणता येत नाही. पण ज्या व्यवस्थेला इतके मृत्यू खटकले नाहीत, तिला एखाद्या शिंपिणीचे आखडलेले मनगट दिसेल ही अपेक्षाच जरा भाबडी आहे.

पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ नंतर ग्रामीण वस्तीत दोन वर्षे रुग्णांच्या मागे राहून पाहिले. गावात घरोघर जाऊन मोजले तर दिलासा मिळतो. बहुतेक लोक हळूहळू बरे होतात, दीर्घकाळ दुखणे उरणाऱ्यांचा वाटा लहान असतो. रुग्णालयांत येणाऱ्यांवरून मोजले की हाच वाटा चौथ्या हिश्श्यापर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. आकड्यांतला हा फरक म्हणजे कुणाची लबाडी नव्हे. तुम्ही कुणाला मोजता यावर उत्तर ठरते. पण लाखोंच्या साथीत लहान वाटासुद्धा हजारोंचा असतो, आणि आपल्या शहरात ते हजार कोण, हे सांगायला एकही वही नाही.

याच गटाने आणखी एक उपयोगी काम केले. चिकुनगुनियानंतरच्या सांधेदुखीला मलेरियाचे क्लोरोक्विन द्यायची पद्धत पडली होती. त्यांनी रीतसर तुलना करून पाहिली, तर ते साध्या वेदनाशामकापेक्षा सरस ठरले नाही. २०१४ मध्ये हे प्रसिद्ध झाले. २०२० मध्ये कोविडच्या घबराटीत क्लोरोक्विनच्याच भावंडासाठी औषधांच्या दुकानांपुढे रांगा लागल्या, तेव्हा पुण्याच्या या कामाची आठवण किती जणांना होती कोण जाणे.

प्रतिकारशक्ती भरकटण्याचा दुसरा दाखला अगदी ताजा आहे आणि त्याची वागणूक अगदी वेगळी झाली. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागात माणसांचे पाय अचानक लुळे पडू लागले. गुलियन बारे सिंड्रोम. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला, काही दगावले. इथे मूळ गुन्हेगार विषाणूपेक्षा बहुधा एक जिवाणू होता, कॅम्पिलोबॅक्टर, दूषित पाण्यातून किंवा अन्नातून पोटात जाणारा. त्याच्या अंगावरच्या शर्करेची ठेवण आपल्या मज्जातंतूंच्या वेष्टनावरच्या शर्करेसारखी असते. शरीर जिवाणूविरुद्ध प्रतिपिंडे बनवते आणि तीच स्वतःच्या मज्जातंतूंवर धावतात. जुलाब आठवड्यात थांबतात, पाय त्यानंतर जातात. पुण्यात केंद्राचे पथक आले, घरोघर पाहणी झाली, विहिरीचे आणि नळाचे पाणी तपासले, महागड्या इम्युनोग्लोब्युलिनचा खर्च उचलण्याच्या घोषणा झाल्या. हे योग्यच झाले. पण हे झाले कारण व्हेंटिलेटरवरचा माणूस दिसतो. जिना उतरताना कठडा धरणारा दिसत नाही. दोघांच्या शरीरात चूक एकाच जातीची आहे: लढाई संपल्यावरही चाललेला गोळीबार.

गोवरचे उदाहरण घ्या, ते आपल्या वस्त्यांच्या जास्त जवळचे. २०२२ च्या शेवटच्या महिन्यांत गोवंडी, भिवंडी, मालेगाव इथे गोवरची साथ पसरली, मुले दगावली. गोवर म्हणजे अंगावर पुरळ, आठ दिवसांत बरा, असे आपल्या आजीपासून ऐकत आलो. पण २०१९ च्या एका अभ्यासात नेदरलँड्समधल्या ७७ लस न घेतलेल्या मुलांचे रक्त गोवरच्या आधी आणि नंतर तपासले गेले. इतर रोगांविरुद्ध त्यांनी आधी कमावलेल्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के पुसली गेली होती. म्हणजे हा विषाणू प्रतिकारशक्तीची स्मृतीच खोडतो, आणि पुढच्या काळात मूल न्यूमोनियाने आजारी पडते तेव्हा गोवरचे नाव कुणी घेत नाही. त्या साथीत आपल्या मोहल्ल्यांत लशीबद्दल अफवा फिरल्या हे नाकारण्यात अर्थ नाही. कोविडच्या काळात नेहमीचे लसीकरण मागे पडले, आरोग्यसेविका कमी आणि झोपड्या जास्त, हेही तितकेच खरे. पहिली गोष्ट आपण दुरुस्त करायची, दुसरीसाठी भांडायचे.

यादी लांबवता येईल. २०२२ मध्ये अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून अधिक लोकांच्या नोंदी चाळून असे दिसले की एपस्टीन-बार या अतिसामान्य विषाणूच्या संसर्गानंतर मल्टिपल स्क्लेरोसिसचा धोका ३२ पट वाढतो. एक कोटी लोकांच्या नोंदी! हा शोध कुणा एकाच्या हुशारीने लागला नाही. वर्षानुवर्षे रक्ताचे नमुने आणि कागद सांभाळून ठेवले म्हणून लागला. डेटाबरोबर दिवस काढणाऱ्या माणसाला हे वाचून हेवा वाटतो.

आता आमच्याकडे परत येऊ. माझी खाला घरी शिलाई करते. तिला ताप आला, उतरला, मग बोटे सुजली. कात्री धरवेना. जवळच्या एका दवाखान्यात तिला "ताकदीचे" इंजेक्शन मिळाले आणि जादू झाली, दुसऱ्या दिवशी ती मशीनवर. पाच दिवसांनी दुखणे दुप्पट होऊन परतले. पुन्हा इंजेक्शन. तिसऱ्या वेळी साखर तपासली तर ती भलतीच वर. त्या इंजेक्शनात स्टिरॉइड होते, हे आम्हाला कागदावर कुणी लिहून दिलेच नव्हते. स्टिरॉइड वाईट औषध नाही. योग्य रुग्णाला, मोजून, उतरत्या मात्रेत दिले तर ते उपकार करते. पण मध्येच बंद केले की दाह उसळून येतो, आणि मधुमेही माणसाला त्याची वेगळी किंमत मोजावी लागते. आपल्याकडे मधुमेह घरटी आहे.

म्हणून काही साधे ठाऊक असू द्या. तापाच्या पहिल्या दिवसांत डेंग्यू नाही हे ठरेपर्यंत पॅरासिटामॉलवर भागवा. अ‍ॅस्पिरिन, डायक्लोफेनॅक मेडिकलवरून परस्पर घेऊ नका, डेंग्यू निघाला तर रक्तस्राव वाढू शकतो. ताप आल्यावर पाच-सहा दिवसांनी रक्तातली आयजीएम तपासणी करून कागद जपून ठेवा. हा कागद महत्त्वाचा. काही महिन्यांनी ती तपासणी पुसट होते आणि मग दुखणे कशाचे हे सिद्ध करता येत नाही. तीन महिन्यांनंतरही सांधे सुजत असतील तर संधिवाताच्या डॉक्टरला दाखवा. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे काहींना चांगली लागू पडतात, पण ती रोजची नाहीत, आठवड्यातून एकदाची आहेत आणि रक्ततपासणीवर नजर ठेवून घ्यायची आहेत. चुकून रोज घेतली तर जिवावर बेततात.

संधिवाताचा डॉक्टर कुठे, हा पुढचा प्रश्न. मोहन्यातून सरकारी उपचाराला माणूस कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात जातो, तिथून कळव्याला, तिथून सायन किंवा केईएमला. सुजलेल्या घोट्याने आंबिवलीचा पूल चढायचा, कसारा लोकलच्या गर्दीत उभे राहायचे, मुंबईत केसपेपरच्या रांगेत थांबायचे, आणि त्या दिवसाचा रोज बुडवायचा. दोनदा जाऊन तिसऱ्यांदा माणूस जात नाही. मग पुन्हा ते इंजेक्शन.

आणि रोज हा शब्द इथे उगाच आलेला नाही. कामगार राज्य विमा योजनेतल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत सत्तर टक्के मजुरी मिळते. आमच्या गावाचा कणा असलेला एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला, कामगारांच्या देण्यांची लढाई वर्षानुवर्षे रेंगाळली. पुढची पिढी रिक्षा, हातगाडी, घरगुती शिलाई, कंत्राटी सफाई अशा कामांत गेली. तिथे आजारपणाची रजा म्हणजे उपास. मला स्वतःला ताप आला तर मी लॅपटॉप मांडीवर घेऊन घरून काम करतो आणि पगार खात्यात येतो. एकाच डासाने चावलेल्या दोन माणसांचा आजार इथे वेगळा होतो.

डासाबद्दलही बोलले पाहिजे. एडिस घाणीच्या गटारापेक्षा स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो. उल्हास नदी आमच्या दाराशी, मोहन्याला बंधारा, महापालिका याच परिसरातून पाणी उचलून शहराला पाजते. तरीही आमच्या चाळींत नळाला पाणी ठरावीक वेळ, कधी येतच नाही, म्हणून दारोदारी निळी पिंपे भरलेली. पालिकेची माणसे साथीत येतात, धूर सोडतात, पिंपात अळ्या दिसल्या की नोटीस देण्याचा दम भरतात. पिंप का भरून ठेवावे लागते हे विचारत नाहीत. आपणही आठवड्यातून एक दिवस पिंप रिकामे करून आतून घासले पाहिजे, कारण कडेला चिकटलेली अंडी नुसते पाणी ओतल्याने जात नाहीत. पण नियमित पाणीपुरवठा हा डासांवरचा सर्वांत जुना आणि सर्वांत खात्रीचा उपाय आहे, आणि तो आपल्या हातात नाही, पालिकेच्या हातात आहे.

कल्याण-डोंबिवली महापालिकेकडे माझे मागणे फार मोठे नाही. लशीची वाट पाहा असे मी म्हणत नाही. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या पहिल्या लशीचा परवाना गंभीर दुष्परिणामांमुळे २०२५ मध्ये स्थगित झाला, ती वाट लांबची आहे. मला हवा आहे एक रकाना. ज्याची चिकुनगुनियाची तपासणी पॉझिटिव्ह आली, त्याला तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी एक फोन. तीन प्रश्न: सांधे दुखतात का, सकाळी किती वेळ आखडतात, काम किती दिवस बुडाले? कोविडमध्ये याच पालिकेने रोज रुग्णांना फोन केले होते, म्हणजे यंत्रणा उभी करता येते हे तिनेच दाखवले आहे. एवढ्या नोंदीसाठी लागणारे सॉफ्टवेअर दोन शनिवार-रविवारांत तयार होईल. मी आणि माझे दोन मित्र ते फुकट करून द्यायला तयार आहोत. दुसरे, साथीनंतरचे सहा महिने रुक्मिणीबाईत आठवड्यातून एक दिवस सांधेदुखीची ओपीडी. तज्ज्ञ कायमचा नसला तरी मुंबईच्या एखाद्या वैद्यकीय महाविद्यालयातून येऊ शकतो. एक डॉक्टर कल्याणला येणे हे तीनशे रुग्णांनी मुंबईला जाण्यापेक्षा स्वस्त पडते, हा हिशेब तरी कुणाला समजावून सांगावा लागू नये.

आणि घरातल्या लोकांसाठी एक गोष्ट. या दुखण्याची तक्रार जास्त करून बायका करतात, आणि अभ्यासांतही दीर्घकाळ दुखणे बायकांत जास्त आढळते. तरी आपल्या घरांत तिला "कामाचा कंटाळा" म्हणायची सवय आहे. पीठ मळताना जिची बोटे वळत नाहीत, तिला दोन महिने पोळ्या बाहेरून आणून दिल्या तर काही बिघडत नाही. मुलगे घरात असतील तर त्यांनीही मळायला शिकावे. पीठ मळणे कोडिंगपेक्षा अवघड नाही, मी दोन्ही करून पाहिले आहे.

प्रभाग कार्यालयात द्यायचे निवेदन लिहून तयार आहे. त्याला जोडायला आम्ही आंबिवली, मोहने, अटाळीतल्या लोकांची यादी करतो आहोत: कुणाला चिकुनगुनिया होऊन तीन महिने उलटले आणि सांधे अजून दुखतात. नाव घालायचे नसेल तर वय, काम आणि बुडालेले दिवस एवढे दिले तरी चालेल. तपासणीचा कागद सापडला तर सोबत आणा.